ट्रान्स मुलांच्या उपचारांसाठी बोलायचंय, पण कुठे आणि कसं? अमेरिकेतल्या परिस्थितीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी हे सांगा, नक्की कसल्या उपचारांवरून एवढं चाललंय?

तीन वेगवेगळ्या गोष्टी लोक एकत्र कालवतात आणि मग भांडतात. वयात यायच्या आधी, म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुलाला, कुठलंही औषध देत नाहीत. नाव, कपडे, केस आणि गरज असेल तर समुपदेशकाशी बोलणं, बस. वयात यायला लागल्यावर (आधी नाही) काही मुलांना प्युबर्टी ब्लॉकर देतात, त्याने पाळी, आवाज फुटणं, दाढी-मिशा हे सगळं थांबून राहतं आणि औषध बंद केलं की पुन्हा सुरू होतं. तिसरी पायरी टेस्टोस्टेरॉन किंवा इस्ट्रोजेनची, ती एन्डोक्राइन सोसायटी या हॉर्मोनतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१७ च्या गाइडलाइनप्रमाणे साधारण १६ च्या सुमारास, काही केसेसमध्ये थोडी आधी, आणि तिचे काही परिणाम कायमचे असतात, एकदा घोगरा झालेला आवाज परत बारीक होत नाही. हे लपवण्यात काही अर्थ नाही.

आणि ब्लॉकर हे काही ट्रान्स मुलांसाठी काढलेलं औषध नाही. सहा वर्षांची मुलगी वयात यायला लागली तर तिलाही हीच औषधं देतात, त्यातल्या ल्यूप्रोलाइडला एफडीएने (अमेरिकेत औषधांना मान्यता देणारी सरकारी संस्था) त्या कारणासाठी १९९३ मध्ये मान्यता दिली. ट्रान्स मुलांसाठी त्याचा वापर अ‍ॅमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात सुरू केला. तो वापर एफडीएच्या लेबलवर नाही हे खरं आहे, पण मुलांना दिली जाणारी बरीच औषधं लेबलच्या बाहेरच वापरली जातात, बालरोगतज्ज्ञांना विचारा.

पण लहान मुलांची ऑपरेशन्स करतात म्हणे?

नाही करत. मोठ्या टीनएजर मुलांची छातीची शस्त्रक्रिया क्वचित होते, बाकी जवळपास सगळं १८ नंतर. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१९ च्या इन्शुरन्स क्लेमवर काम केलं आणि ते २०२४ मध्ये छापून आलं, त्यात १८ च्या आतल्या ट्रान्स मुलांच्या आणि ट्रान्स नसलेल्या मुलग्यांच्या छाती कमी करायच्या शस्त्रक्रिया मोजल्या, त्यातल्या ९७ टक्के ट्रान्स नसलेल्या मुलग्यांच्याच होत्या. त्यांच्या ऑपरेशनवर कोणी कायदा केला नाही.

औषधांचा आकडाही असाच छोटा आहे. २०१८ ते २०२२ मधल्या ५० लाखांहून जास्त मुलांचा प्रायव्हेट इन्शुरन्सचा डेटा तपासला तेव्हा ब्लॉकर किंवा हॉर्मोन घेणारी ट्रान्स मुलं ०.१ टक्क्यापेक्षा कमी निघाली, आणि १२ वर्षांखालच्या एकालाही हॉर्मोन दिलेलं नव्हतं. गल्लोगल्ली गोळ्या वाटतायत वगैरे जे फॉरवर्ड येतात ते या आकड्याशेजारी ठेवून बघा.

कायदे नक्की काय म्हणतात?

पहिली बंदी आर्कन्सामध्ये, एप्रिल २०२१. तिथले रिपब्लिकन गव्हर्नर एसा हचिन्सन यांनी व्हेटो केला, म्हणजे बिल नाकारलं, दुसऱ्या दिवशी विधिमंडळाने तो व्हेटो उडवून लावला. त्यानंतर ओघच सुरू झाला आणि आता साधारण निम्म्या राज्यांमध्ये १८ खालच्या मुलांच्या या उपचारांवर बंदी आहे. राज्याराज्यात फरक आहेत, कुठे डॉक्टरचं लायसन्स जातं, कुठे खटला, अलाबामा आणि आयडाहोत तर डॉक्टरला १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

एक गोष्ट कायदा वाचल्याशिवाय लक्षात येत नाही म्हणून सांगतो. टेनेसीचा कायदा बघा, तेच औषध लवकर वयात येणाऱ्या मुलाला द्यायला पूर्ण परवानगी आहे, जन्मतः शरीरात काही वेगळेपण असेल तरी परवानगी आहे. म्हणजे औषध घातक म्हणून बंद केलेलं नाही, ते कोण कशासाठी घेतंय यावर बंदी आहे. आमदाराशी बोलताना हा मुद्दा हमखास काढा, बऱ्याच जणांनी स्वतः मत दिलेलं बिल नीट वाचलेलं नसतं.

सुप्रीम कोर्टाने निकाल दिला ना, मग विषय संपला की?

नाही संपला. १८ जून २०२५ ला स्क्रमेटी केसमध्ये ६ विरुद्ध ३ असा निकाल लागला आणि टेनेसीची बंदी टिकली. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलं की कायदा वय आणि औषधाचा वापर यावर भेद करतो, लिंगावर नाही, त्यामुळे कोर्टाने तो फार कडकपणे तपासायची गरज नाही. हा निकाल वाईट आहे, पण त्याने देशभर उपचार बेकायदा झाले असं अजिबात नाही. राज्यांनी बंदी घातली तर संविधानाच्या समान संरक्षणाच्या कलमाखाली ती चालेल एवढंच तो म्हणतो, आणि आई-वडिलांच्या हक्काचा जो मुद्दा होता तो कोर्टाने विचारातच घेतला नाही.

शिवाय राज्यांची स्वतःची संविधानं असतात, हे आपल्याकडून आलेल्या लोकांना पटकन लक्षात येत नाही. मोंटानाच्या संविधानात प्रायव्हसीचा हक्क स्पष्ट लिहिलाय आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने त्याच जोरावर बंदीवरची स्थगिती कायम ठेवली. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने ते पुसलं गेलं नाही. म्हणून राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या निवडणुका असतात तेव्हा बॅलटच्या (मतपत्रिकेच्या) खालच्या भागातली ती नावं बघायची सवय लावा, मतदान करणाऱ्यातले बरेच लोक तिथपर्यंत पोचतच नाहीत.

आमच्या राज्यात बंदी नाहीये. आम्ही कशाला डोकं खपवायचं?

कारण दबाव आता वरून येतोय. २८ जानेवारी २०२५ च्या कार्यकारी आदेशात फेडरल खात्यांना सांगितलं की १९ वर्षांखालच्यांना हे उपचार देणाऱ्या संस्थांचा पैसा थांबवा (हो, १९, म्हणजे मतदान करू शकणारी, सैन्यात जाऊ शकणारी १८ वर्षांची व्यक्तीसुद्धा त्यांच्या हिशोबात लहान मूल). मेरीलँड आणि वॉशिंग्टन राज्यातल्या फेडरल न्यायाधीशांनी पैसे अडवण्याचा भाग रोखला. पण हॉस्पिटलं घाबरली ती घाबरलीच. जुलै २०२५ मध्ये न्याय खात्याने डॉक्टर आणि क्लिनिकना वीसपेक्षा जास्त समन्स पाठवले. त्याच महिन्यात चिल्ड्रन्स हॉस्पिटल लॉस एंजेलिसने आपलं ट्रान्स मुलांचं सेंटर बंद केलं, आणि ते देशातल्या सगळ्यात जुन्या आणि मोठ्या सेंटरांपैकी होतं. कॅलिफोर्नियात, जिथे उपचार पूर्ण कायदेशीर आहेत आणि वर शील्ड लॉ, म्हणजे बाहेरच्या राज्यांच्या कारवाईपासून कुटुंबांना आणि डॉक्टरांना संरक्षण देणारा कायदा, पण आहे. तेव्हा "आमचं राज्य ब्लू (डेमोक्रॅटिक पक्षाचं) आहे" यावर निवांत बसू नका.

मग डिसेंबर २०२५ मध्ये आरोग्य खात्याने दोन नियमांचे मसुदे आणले. एकाप्रमाणे १८ खालच्यांना हे उपचार देणाऱ्या हॉस्पिटलला मेडिकेअर-मेडिकेडमध्ये (वयस्कर आणि गरीब लोकांसाठीचे सरकारी इन्शुरन्स) राहता येणार नाही, आणि दुसऱ्याप्रमाणे मेडिकेडचा फेडरल पैसा यासाठी वापरता येणार नाही. पहिला जास्त भयंकर आहे, कारण मेडिकेअरशिवाय जवळजवळ कुठलंच हॉस्पिटल चालू शकत नाही, म्हणजे राज्याने कायदा न करता सगळीकडे बंदी. त्यावर लोकांची मतं मागवायला ६० दिवस ठेवले होते. मतं म्हणजे पब्लिक कॉमेंट, त्याचं सविस्तर खाली आहे.

पुरावा कच्चा आहे असं म्हणतात. इंग्लंडने पण बंद केलं ना?

या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला शिका, कारण समोरचा प्रामाणिकपणे विचारत असेल तर "तू ट्रान्सफोबिक आहेस" हे उत्तर नाही.

एप्रिल २०२४ मध्ये इंग्लंडचा कॅस रिव्ह्यू, म्हणजे डॉ. हिलरी कॅस यांनी या उपचारांचा घेतलेला आढावा, आला. त्यात म्हटलं की ब्लॉकर आणि हॉर्मोनवरचे अभ्यास कमकुवत आहेत, जपून जा. ब्रिटनने आधी तात्पुरती आणि डिसेंबर २०२४ मध्ये बेमुदत बंदी घातली, ती ब्लॉकरच्या नव्या प्रिस्क्रिप्शनवर. फिनलंडने २०२० मध्ये आणि स्वीडनने २०२२ मध्ये हात आखडता घेतला. हे सगळं खरं आहे आणि ते नाकारायला गेलात तर पुढचं कोणी ऐकणार नाही.

पण पुढचंही तितकंच खरं आहे. कॅस रिव्ह्यूने मुलांना उपचार देऊच नका असं म्हटलेलं नाही, नवी केंद्रं उघडा, संशोधन करा, प्रत्येक मुलाकडे सगळ्या बाजूंनी बघा असं म्हटलंय. त्या देशांत कोणा डॉक्टरला तुरुंगात टाकायचा कायदा झालेला नाही. आणि वैद्यकशास्त्रात "कमी खात्रीचा पुरावा" याचा अर्थ "उपयोग नाही" असा होत नाही, मोठे यादृच्छिक प्रयोग झालेले नाहीत असा होतो. इथे ते करणंही अवघड आहे, कारण निम्म्या मुलांना खोटं औषध दिलं तर सहा महिन्यांत सगळ्यांनाच कळेल कोणाला काय मिळालंय, आवाज फुटला की कळलं. मुलांच्या औषधोपचारातल्या बऱ्याच गोष्टी याच दर्जाच्या पुराव्यावर चालतात.

जो पुरावा आहे तो काय सांगतो? जानेवारी २०२३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ३१५ मुलांचा अभ्यास आला, वय १२ ते २०, हॉर्मोन सुरू केल्यावर दोन वर्षं. नैराश्य आणि चिंता सरासरीने कमी झाली, समाधान वाढलं. त्याच अभ्यासात दोन मुलांनी आत्महत्या केली हेही लिहिलंय, आणि विरोधक ते दाखवणारच, म्हणून तुम्हाला ते आधीच माहीत हवं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०२३ मध्ये आपली भूमिका कायम ठेवली आणि सोबत पुराव्याची नव्याने पद्धतशीर तपासणी करायचंही ठरवलं. मला हे दोन्ही एकत्र करणं योग्य वाटतं. हाडांची घनता, पुढे मूल होण्याची शक्यता, हे खरे प्रश्न आहेत आणि ते डॉक्टर, आई-वडील आणि मुलाने बसून बोलायचे आहेत, त्याची जागा क्लिनिक आहे, विधिमंडळाची कमिटी नाही.

पुढे पस्तावले तर?

काही जण पस्तावतात, आणि त्यांना मदत मिळालीच पाहिजे, त्यांची थट्टा तर अजिबात करू नका. पण प्रमाण बघा. नेदरलँड्समध्ये लहानपणी ब्लॉकर आणि नंतर हॉर्मोन सुरू केलेल्या ७२० जणांचा मागोवा घेतला, २०२२ मध्ये ते छापून आलं, ९८ टक्के लोक पुढेही हॉर्मोन घेत होते. तिथे आधी तपासणी फार कसून होते हे पण सांगा, आकडा अर्धा सांगू नका. उलट तोच मुद्दा आपल्या बाजूचा आहे: नीट तपासणी करणारी क्लिनिक हवीत, ती बंद करून कसून तपासणी कशी होणार?

खरंच बोलून काही फरक पडतो का? सगळं ठरलेलंच असतं ना?

बऱ्याचदा ठरलेलं असतं. नेहमी नाही.

कॅन्सस, २०२४. बंदीचं बिल पास झालं, गव्हर्नर लॉरा केली यांनी व्हेटो केला. व्हेटो मोडायला दोन तृतीयांश मतं लागतात. एप्रिलच्या शेवटी मतदान झालं आणि आधी बिलाच्या बाजूने मत दिलेल्या दोन रिपब्लिकन आमदारांनी, सुझन कॉन्कॅनन आणि जेसी बोर्हॉन यांनी, मत फिरवलं. दोन मतं कमी पडली आणि बंदीचं बिल पडलं. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत नव्या सभागृहाने बंदी आणलीच, ते सांगायला हवं, पण त्या मधल्या काळात तिथल्या मुलांना उपचार मिळाले, घरच्यांना पर्याय शोधायला वेळ मिळाला. तेरा-चौदा वर्षांच्या पोरासाठी तेवढा काळ म्हणजे काय हे ज्याच्या घरात आहे त्याला विचारा, शरीर तोवर थांबत नाही.

ओहायोचे गव्हर्नर माइक डिवाइन, पक्के रिपब्लिकन, यांनी सही करायच्या आधी मुलांच्या हॉस्पिटलांना भेट दिली आणि दोन्ही बाजूंच्या कुटुंबांशी बोलले, आणि २९ डिसेंबर २०२३ ला व्हेटो केला. जानेवारीत तो मोडला गेला. तरीही, एका माणसाचं मत कुठल्या गोष्टीने बदललं बघा: भाषणांनी नाही, घोषणांनी नाही, समोर बसलेल्या आई-बापांनी.

आणि उलट्या दिशेने, म्हणजे संरक्षण देणारे कायदेही होतात. मिनेसोटामध्ये ली फिंके या तिथल्या पहिल्या ट्रान्स आमदार, त्यांनी मांडलेलं बिल एप्रिल २०२३ मध्ये कायदा झालं, बाहेरच्या राज्यातून उपचारासाठी आलेल्या कुटुंबांना आणि त्यांच्या डॉक्टरांना तिथे संरक्षण आहे. मॅसॅच्युसेट्स, कॅलिफोर्निया, इलिनॉय, कोलोरॅडो, अशा बऱ्याच ठिकाणी शील्ड लॉ आहेत. त्यामुळे "काहीच होत नाही" हे साफ चूक आहे.

फोन कोणाला करायचा? ईमेल चालेल का?

तुमच्या स्वतःच्या आमदाराला, म्हणजे ज्याच्या मतदारसंघात तुम्ही राहता. दुसऱ्याच्या आमदाराला केलेला फोन जवळपास फुकट जातो, ऑफिसवाले आधी झिप कोडच विचारतात. बिल कमिटीत असेल तर कमिटीचे अध्यक्ष आणि सदस्य. फेडरल गोष्ट असेल तर तुमचे खासदार आणि दोन सिनेटर.

फोन ईमेलपेक्षा बरा, प्रत्यक्ष भेट सगळ्यात बरी. तयार मजकुराचा ईमेल कॉपी-पेस्ट करून पाठवला तर तो "विरोधात" अशा गठ्ठ्यात मोजला जातो, वाईट नाही पण वाचला जात नाही. स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहा. बिलाचा नंबर लिहा. आणि तुमचा आमदार आधीच तुमच्या बाजूचा असेल तरी फोन करा, त्यांना विरोधकांचे फोन रोज येतात आणि आपल्यातलं कोणीच करत नाही.

पब्लिक कॉमेंट म्हणजे काय, आणि ती कोण वाचतं?

फेडरल खात्याला नवा नियम करायचा असेल तर १९४६ च्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसिजर अ‍ॅक्टप्रमाणे आधी मसुदा छापावा लागतो आणि लोकांची मतं घ्यावी लागतात. कोणीही रेग्युलेशन्स डॉट गव्हवर जाऊन लिहू शकतं. ही मतमोजणी नाही, लाख लोकांनी "नको" म्हटलं म्हणून नियम रद्द होत नाही. मग उपयोग काय? उपयोग असा की खात्याला महत्त्वाच्या मुद्द्यांना लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि त्यांनी उत्तर न देता नियम रेटला तर पुढे कोर्टात तो मनमानी म्हणून रद्द होऊ शकतो. म्हणजे तुमची कॉमेंट ही खरं तर पुढे येणाऱ्या न्यायाधीशासाठी लिहिलेली असते. हे लक्षात ठेवलं की काय लिहायचं ते आपोआप सुचतं.

रागाने लिहू नका असं मी म्हणणार नाही, पण रागासोबत नेमकं काहीतरी द्या. नियमामुळे नक्की काय होईल? तुमच्या हॉस्पिटलमध्ये दुसरे कुठले बालरुग्ण अडचणीत येतील? सगळ्यात जवळचं दुसरं क्लिनिक किती तासांवर आहे, कामावरून किती सुट्टी काढावी लागेल, खर्च किती? खात्याने मसुद्यात जो खर्चाचा हिशोब मांडलाय त्यात हे धरलंय का? मसुद्यातलं वाक्य उचलून त्यावर लिहिलंत तर उत्तम. डॉक्टर असाल, शाळेत काउन्सेलर असाल, मेडिकल बिलिंगचं काम करत असाल तर ते लिहा, तुमच्या कामातून जे दिसतं ते दुसऱ्या कोणाला दिसत नाही. एक पान पुरे.

कॉमेंट सगळ्या जगाला दिसते आणि कायम दिसते. मुलाचं नाव, शाळा, डॉक्टर, गाव काही टाकू नका. नाव न देता पाठवायची सोय आहे, ती बिनधास्त वापरा.

हिअरिंगमध्ये (बिलावरच्या कमिटीच्या सुनावणीत) बोलायला उभं राहिलो तर काय बोलू?

साधारण दोन-तीन मिनिटं मिळतात, काही ठिकाणी ऐनवेळी एकच मिनिट करतात, त्यामुळे मुख्य गोष्ट पहिल्या तीन वाक्यांत आली पाहिजे. कोण आहात, कुठल्या मतदारसंघातले, बिलाच्या विरोधात. मग एक प्रसंग, आणि एक मागणी. विज्ञानाचं व्याख्यान देऊ नका, ते डॉक्टर देतील. तुम्ही आजोबा असाल तर आजोबा म्हणून बोला, कोच असाल तर कोच म्हणून. इंग्रजी बोलायला अडखळत असाल तर कागदावरून वाचा, काही बिघडत नाही.

आणि समोरच्यांना शिव्या घालू नका, टाळ्या मिळतात पण मत मिळत नाही. मोंटानात झूई झेफर या ट्रान्स आमदार बंदीविरुद्ध कडक बोलल्या म्हणून एप्रिल २०२३ मध्ये बहुमताने त्यांना सभागृहाच्या बाहेर बसवलं, तिथल्या एका बाकावर बसून त्या मतदान करत होत्या. त्यांचं बोलणं चुकीचं होतं असं मला वाटत नाही, पण त्या निवडून आलेल्या होत्या आणि त्यांची ती लढाई होती. आपल्याला एखाद्या कुंपणावरच्या आमदाराला आपल्याकडे आणायचंय.

आत्महत्येचा मुद्दा काढावा का?

जपून. धोका खरा आहे: २०२४ मध्ये नेचर ह्युमन बिहेव्हियरमध्ये आलेल्या अभ्यासात ट्रान्सविरोधी कायदे झालेल्या राज्यांत ट्रान्स मुलांच्या आत्महत्येच्या प्रयत्नांमध्ये ७ ते ७२ टक्के वाढ दिसली. पण "हे बंद केलं तर पोरं मरतील" असं ठोकून देऊ नका. एक तर ते तसं सरळ नाही, प्रत्यक्ष मृत्यू सुदैवाने कमी आहेत आणि बंदीविरुद्ध लढणाऱ्या वकिलांनी ते सुप्रीम कोर्टात मान्यही केलं. दुसरं म्हणजे तुमचं बोलणं ट्रान्स मुलंही ऐकत असतात, आणि आपल्यापुढे मरण्याशिवाय मार्ग नाही असं त्यांनी मोठ्यांच्या तोंडून ऐकणं फार वाईट. त्यापेक्षा उपचाराने काय चांगलं झालं ते सांगा: शाळेत जायला लागली, मित्र झाले, आरशासमोर उभी राहते, जेवायला टेबलावर येऊन बसते.

आम्ही व्हिसावर आहोत. आम्ही बोललो तर चालतं का?

कायद्याने चालतं. आमदाराला फोन, भेट, हिअरिंगमध्ये बोलणं, पब्लिक कॉमेंट, यातल्या कशालाच नागरिकत्व लागत नाही. मतदान अर्थातच नाही, ग्रीन कार्डवाल्यांनीही नाही. निवडणुकीच्या प्रचाराला पैसे फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाले देऊ शकतात, एच-वन किंवा स्टुडंट व्हिसावाल्यांनी देऊ नयेत, ते बेकायदा आहे.

आता कायदा एक आणि भीती एक. सध्याच्या वातावरणात कोणाला आपलं नाव कुठे यायला नको वाटत असेल तर त्यात काहीही भित्रेपणा नाही. बिननावाची कॉमेंट करा, हिअरिंगला निघालेल्या कुटुंबाची पोरं सांभाळा, गाडी चालवा, एखाद्या मित्राच्या टेस्टिमनीचं (हिअरिंगमधल्या निवेदनाचं) इंग्रजी तपासून द्या. घरातलं कोणी नागरिक असेल तर त्यांना पुढे करा.

माझं स्वतःचं मूल ट्रान्स आहे. त्याची गोष्ट सांगू का?

त्याला विचारा. मग पुन्हा विचारा, चार दिवसांनी. आज तेरा वर्षांचं मूल उत्साहात हो म्हणेल, पण व्हिडिओ राहतो आणि तेविसाव्या वर्षी नोकरीच्या मुलाखतीआधी कोणीतरी तो शोधतो. नाव न घेता, वय थोडं ढोबळ ठेवून, फोटोशिवाय बोलता येतं. हिपाचा (रुग्णांची माहिती गुप्त ठेवण्याचा) कायदा डॉक्टर आणि इन्शुरन्सवाल्यांना बांधतो, तुम्ही स्वतः जगाला सांगितलेलं तो परत घेऊ शकत नाही. मूल नाही म्हणालं तर विषय संपला, तुमची स्वतःची गोष्ट सांगा: आई म्हणून तुम्हाला काय वाटलं, तुम्ही किती वाचलंत, डॉक्टरांना काय काय विचारलंत, निर्णयाला किती वेळ घेतलात. लोकांना वाटतं आई-बाप घाईघाईने पोरांना औषधं देतात, तो समज मोडायला एवढं पुरतं.

मी डॉक्टर आहे. माझी नोकरी जाईल का?

बोलायच्या आधी हॉस्पिटलच्या पॉलिसी बघा आणि "हे माझं वैयक्तिक मत, संस्थेचं नाही" असं पहिल्याच वाक्यात म्हणा. हॉस्पिटलचा कोट, बॅज, ईमेल नको. रुग्णाबद्दल काहीही नाही, नाव वगळूनही नाही, लहान गावात लोक ओळखतात. समन्सचा विषय निघाला तर स्वतः उत्तर द्यायच्या भानगडीत न पडता वकील गाठा. सप्टेंबर २०२५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या फेडरल न्यायाधीशांनी बॉस्टन चिल्ड्रन्सला आलेलं समन्स रद्द केलं, तेव्हा कागद आला म्हणजे रुग्णांची माहिती द्यायलाच लागते असं नाही.

आमची संस्था ५०१-सी-३ (करमाफी असलेली धर्मादाय संस्था) आहे, आम्हाला राजकारण करता येत नाही ना?

उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. बिलावर भूमिका घेणं, मर्यादेत, चालतं. "मनाई आहे" हे बऱ्याचदा वाद नको म्हणून पुढे केलेलं कारण असतं.

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काका काहीबाही टाकतात. उत्तर द्यायचं का?

ग्रुपवर नाही. ग्रुपवर कोणीही माघार घेत नाही, सगळे बघत असतात. काकांना वेगळा फोन करा. पण ग्रुपमध्ये घरातली पोरंही असतील तर एक ओळ जरूर टाका, "मला हे पटत नाही, या मुलांचा मान राखून बोलूया", वाद घालायला नाही, तर त्या ग्रुपमध्ये गप्प बसलेल्या एखाद्या पोराला कळावं म्हणून. अमेरिकेतल्या हायस्कूलमधली ३.३ टक्के मुलं स्वतःला ट्रान्स म्हणवतात असं सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत दिसलं, म्हणजे आपल्या नात्यागोत्यात कोणीच नसेल हे गृहीत धरू नका.

क्लिनिकने अचानक अपॉइंटमेंट रद्द केली. आता?

सगळे रेकॉर्ड आजच मागवा, क्लिनिक बंद झाल्यावर ते मिळवणं कटकटीचं होतं. औषध किती दिवसांचं शिल्लक आहे ते बघा आणि दुसरीकडे पाठवायला लेखी रेफरल मागा. हॉर्मोन किंवा ब्लॉकर एकदम बंद करायची वेळ आली तर ते कसं करायचं हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, हा त्यांचा जबाबदारीचा भाग आहे. ऑनलाइन कुठून तरी औषध मागवू नका, टेस्टोस्टेरॉन तर नियंत्रित औषधांच्या यादीत आहे, कायद्याच्या भानगडीत पडाल. आणि हे सगळं तारखेसकट लिहून ठेवा, पुढे कॉमेंटला, आमदाराला किंवा वकिलाला हेच लागतं.

बातम्या बघून मूल खचलंय.

आधी बातम्या बंद. ९८८ ही मानसिक संकटासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन चालू आहे, कोणत्याही वेळी फोन किंवा मेसेज करता येतो. पूर्वी त्यावर ३ दाबलं की एलजीबीटीक्यू तरुणांसाठी वेगळे समुपदेशक मिळायचे, ती सोय सरकारने १७ जुलै २०२५ ला बंद केली. ट्रेव्हर प्रोजेक्ट या एलजीबीटीक्यू तरुणांसाठीच्या संस्थेची स्वतःची हेल्पलाइन मात्र चालू आहे. त्या दिवशी हिअरिंग असेल आणि मूल घरी असं असेल तर हिअरिंग सोडा, दुसरं कोणी जाईल.

हिअरिंगला गेलो, चार तास बसलो आणि माझा नंबरच आला नाही. फुकट गेलं का?

नाही. बहुतेक राज्यांत नाव नोंदवताना "बाजूने" किंवा "विरोधात" असं लिहावं लागतं आणि तो आकडा रेकॉर्डवर जातो, तुम्ही बोलला नाहीत तरी. तयार केलेला कागद कमिटीच्या क्लार्ककडे देऊन या किंवा मुदतीत ईमेल करा, लेखी टेस्टिमनी धरली जाते. मुदत कधी कधी हिअरिंगच्या आदल्या दिवशीच संपते, ती आधी बघून ठेवा. आणि बाहेर पडताना कॉरिडॉरमध्ये तुमचा आमदार किंवा त्याचा स्टाफ दिसला तर तिथेच गाठा, आत दोन मिनिटं मिळाली असती, तिथे कदाचित पाच मिळतील.